चारशे खेळांचा डबा आणि मुलांची प्रकृती

उन्हाळ्याची सुटी लागली, की मुलांना घरात गुंतवून ठेवायचे कसे, हा प्रश्न जामनेर परिसरातील प्रत्येक घरात उभा राहतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. भर दुपारी मुलांना बाहेर सोडणे शक्य नसते. मग बाजारातून तीन-चारशे रुपयांचा व्हिडिओ गेम येतो. हातात मावेल एवढा डबा, त्याला छोटा पडदा आणि खोक्यावर छापलेले ‘४०० इन १’. काही डबे वायरने टी.व्ही.लाही जोडता येतात.

ही वस्तू तशी नवी नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र काढले. त्याच्या नकला जगभर निघाल्या. आपल्याकडे १९९० च्या दशकात ‘लिटल मास्टर’ आणि ‘मीडिया’ या नावांची यंत्रे घरोघरी दिसत. आज पालक असलेल्या अनेकांनी त्यांवर मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलेले आहेत. त्या काळचे पूर्ण यंत्र आता नखाएवढ्या चिपमध्ये बसते, म्हणूनच डबा इतका स्वस्त झाला आहे. खोक्यावरचा आकडा मात्र फारसा मनावर घेऊ नये. तेच ते खेळ नाव किंवा टप्पा बदलून पुन्हा पुन्हा दिलेले असतात.

असा डबा मुलांना द्यावा की नाही, असे पालक विचारतात. डबा म्हणजे विष नव्हे. त्यात इंटरनेट नाही, जाहिराती नाहीत, पैसे भरून पुढे जाण्याचे आमिष नाही, आणि दोन भावंडे मिळून खेळू शकतात. या बाबतीत तो मोबाईलपेक्षा बराच म्हणावा लागेल. पण पुढील गोष्टी पालकांनी जाणून घ्याव्यात.

डोळे : आपण एरवी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावली, की हे प्रमाण बरेच घटते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोके दुखते. छोटा पडदा मुले नाकाशी धरतात. टी.व्ही.ला जोडायच्या यंत्राची वायर आखूड असल्याने ती पडद्याला चिकटून बसतात. दर २० मिनिटांनी खेळ थांबवून २० सेकंद लांबवर, म्हणजे अंगणातल्या झाडाकडे किंवा समोरच्या घराकडे पाहायला लावावे. रोज दोन तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत चष्मा लागण्याचे प्रमाण कमी आढळते. आपल्याकडे त्यासाठी सकाळ आणि सायंकाळ मोकळी ठेवावी.

हात : अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात १९९० साली एका महिलेची नोंद छापून आली. सलग पाच तास व्हिडिओ गेम खेळून तिचा अंगठा दुखावला होता. डॉक्टरांनी त्या दुखण्याला गमतीने ‘निन्टेन्डिनायटिस’ असे नाव दिले. स्वस्त डब्यांची बटणे कडक असतात, त्यामुळे अंगठ्यावर जास्त जोर पडतो. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले, तर काही दिवस खेळ बंद ठेवावा. बहुधा तेवढ्याने आराम पडतो.

फेफरे : हा भाग नीट वाचावा. भराभर उघडझाप करणाऱ्या प्रकाशाने काही जणांना फेफरे (आकडी, मिरगी) येते. असे लोक साधारण चार हजारांत एक असतात, आणि हा त्रास लहान व किशोरवयात जास्त दिसतो. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी टी.व्ही.वरील एका कार्टूनमधील लाल-निळ्या झगमगाटाने सुमारे सातशे जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले होते. अंधाऱ्या खोलीत, पडद्याजवळ बसून, जागरण करून खेळल्यास धोका वाढतो. म्हणून दिवा लावून, टी.व्ही.पासून आठ-दहा फुटांवर बसवावे. घरात कोणाला फेफऱ्याचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

फेफरे आलेच, तर मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नये. पाच मिनिटांत थांबले नाही, तर १०८ ला फोन करावा. पहिल्यांदाच आलेले फेफरे आपोआप थांबले, तरी डॉक्टरांना दाखवावेच.

सेल आणि चार्जर : डब्यातली लिथियम बॅटरी उष्णतेने बिघडते. डबा उन्हात, पत्र्याखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नये, रात्रभर लावून ठेवू नये. फुगलेली बॅटरी टोचू नये, जाळू नये. काही खेळण्यांत रुपयाच्या नाण्यासारखा बटण सेल असतो. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजू शकते. उलटी करवू नये, केळे-भात खाऊ घालू नये. मूल एक वर्षावरील असेल, गिळू शकत असेल आणि मध हाताशी असेल, तर दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे मध वाटेत द्यावा, पण त्यासाठी निघायला उशीर करू नये. दुर्बिणीने सेल काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्यावे. विकत घेताना सेलच्या झाकणाला स्क्रू आहे ना, हे पाहावे. व्हिडिओ गेम आणि त्याचा चार्जर यांवर भारतीय मानक ब्युरोची ‘आर’ अक्षराने सुरू होणारी नोंदणी संख्या असणे आवश्यक आहे. ती नसेल, तर वस्तू परत ठेवावी.

किती वेळ? दोन वर्षांखालील मुलांना पडदा अजिबात नको. दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास, आणि पाच ते दहा वर्षांत दोन तासांहून कमी, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे आहे. टी.व्ही., मोबाईल आणि हा डबा, सगळे मिळून एवढा वेळ धरावा.

खेळावर ताबा न राहणे, जेवण-अभ्यास-झोप मागे पडणे, नुकसान दिसत असूनही खेळ न सुटणे, हे बराच काळ, साधारण वर्षभर चालले, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते. अशा वेळी मारहाण करून किंवा डबा फोडून उपयोग होत नाही. १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

शेवटी एवढेच, की दुपारचा तासभर डब्याला द्यायला हरकत नाही. ऊन उतरले, की मात्र डबा कपाटात ठेवावा आणि मुलांना मैदानाची वाट दाखवावी.