पावणेचार इंचांची पारख

१९७७ च्या नाताळात अमेरिकेतील अनेक मुलांना भेट म्हणून बाहुल्यांऐवजी पुठ्ठ्याचे रिकामे पाकीट मिळाले होते. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट त्या वर्षी मे महिन्यात झळकला आणि त्याला मिळालेल्या अफाट प्रतिसादाने सिनसिनाटीच्या ‘केनर’ या खेळणी कंपनीची तारांबळ उडाली. बाहुले नाताळापर्यंत तयार होणार नव्हते. तेव्हा कंपनीने पाकिटात एक प्रमाणपत्र घालून विकले. ते टपालाने परत पाठवायचे आणि १९७८ मध्ये ल्यूक, लेया, च्युबाका व आर-टू-डी-टू असे चार बाहुले घरपोच मिळवायचे, अशी ती योजना होती. १९८५ पर्यंत निघालेल्या या मालिकेतील ॲक्शन फिगर आज जगभरचे संग्राहक शोधत असतात. एकाच पात्राचा एक नमुना काही डॉलरना मिळतो, तर दुसऱ्यासाठी हजारो डॉलर मोजले जातात. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन बाहुल्यांतला फरक ओळखणे, हीच खरी पारख.

केनरच्या माणसाएवढ्या पात्रांची उंची साधारण पावणेचार इंच. (याच मापात १९८२ पासून निघालेले ‘जी. आय. जो’ सैनिक पुढे ‘फनस्कूल’मुळे भारतीय घरांतही पोहोचले.) मान, दोन खांदे आणि मांड्यांचे दोन सांधे, एवढीच त्यांची हालचाल. सांधे घट्ट असतील तर बाहुला आधाराविना उभा राहतो. फार खेळला गेलेला बाहुला लगेच कोलमडतो. नाकाचा शेंडा, केस आणि हातांची टोके येथील रंग आधी झिजतो, त्यामुळे नजर प्रथम तेथेच टाकावी. पायाच्या मागे साल आणि बहुधा हाँगकाँग, तैवान असे निर्मितिस्थळ कोरलेले असते. मात्र हे साल स्वामित्वहक्काचे आहे, निर्मितीचे नव्हे. ‘१९७७’ पाहून पहिल्या खेपेचा माल समजणारे येथेच फसतात.

पांढरे प्लास्टिक कालांतराने पिवळे पडते. स्टॉर्मट्रूपर आणि लेया यांच्याबाबत तर हे हमखास घडते. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून, प्रकाशात ठेवून तो पिवळेपणा घालवता येतो. पण तो पुन्हा उमटू शकतो. अशी प्रक्रिया केल्याचे न सांगता बाहुला विकणे ही उघड लबाडीच होय.

खरी कसोटी लागते ती बाहुल्यासोबतच्या वस्तूंची. नखाएवढे पिस्तूल हरवलेला बाहुला अपुरा मानला जातो. साहजिकच नकली पिस्तुलांचा सुळसुळाट झाला आहे. अस्सल पिस्तूल पाण्यावर तरंगते, असा एक समज आहे. तो सरसकट खरा नाही. काही अस्सल वस्तू बुडतात आणि काही नकली तरंगतात. खात्रीच्या नमुन्याशेजारी ठेवून, भिंगाखाली साच्याच्या रेषा आणि पृष्ठभागाची चमक ताडून पाहणे अधिक भरवशाचे.

या बाबतीत ‘जावा’ या बुटक्या पात्राचे उदाहरण बोलके आहे. सुरुवातीला त्याला व्हिनाइलचा झगा होता. पण मुळातच लहान असलेला हा बाहुला त्या झग्यात अगदीच स्वस्त वाटू लागला, म्हणून कंपनीने लवकरच कापडी झगा दिला. कापडी झग्याचा जावा सहज मिळतो. व्हिनाइलचा दुर्मीळ, आणि म्हणूनच कित्येक पटींनी महाग. बाहुला तोच, फरक फक्त झग्याचा! बेन केनोबीचा तपकिरी व्हिनाइल झगा कापून जावाला चढवण्याची युक्ती त्यामुळेच फोफावली. व्हिनाइलचा रंग, त्याचा पोत आणि कापलेल्या कडा पाहिल्याखेरीज अशा जावावर पैसे लावणे धोक्याचे.

मूळ पुठ्ठ्यावर, पारदर्शक कवचात बंद असलेल्या बाहुल्याचा हिशेब आणखी वेगळा. ‘ॲक्शन फिगर ऑथॉरिटी’सारखी अमेरिकी संस्था पुठ्ठा, कवच आणि बाहुला यांची स्वतंत्र तपासणी करून शंभरपैकी गुण देते आणि वस्तू ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करते. कवच उचकटून पुन्हा चिकटवले आहे काय, हे नवख्याच्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. महागड्या खरेदीत अशा तपासणीचा खर्च अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि, कपाटात मांडून आनंद घ्यायचा असेल तर गुणांच्या मागे धावण्यात फारसा अर्थ नाही.

अगदी वरच्या पायरीवर मात्र झीज आणि रंग यांपेक्षा कागदपत्रांना महत्त्व येते. पाठीवरून क्षेपणास्त्र उडवणारा बोबा फेट केनरने १९७९ मध्ये जाहीर केला होता. पण सुटा भाग मुलाच्या घशात अडकण्याच्या भीतीने तो बाजारात आणलाच नाही. ग्राहकांना मिळाला तो क्षेपणास्त्र पक्के बसवलेला बाहुला. मागे उरले ते मोजके प्रायोगिक नमुने. त्यांपैकी हाताने रंगवलेला एक नमुना २०२४ मध्ये अमेरिकेतील लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरना गेला. या नमुन्यांच्याही नकला निघाल्या आहेत. त्यामुळे नमुना कंपनीतून कोणाच्या हाती गेला आणि तेथून कोणाकोणाकडे फिरला, याची तुटक नसलेली नोंद ग्राहक आधी मागतात, बाहुला नंतर पाहतात.