भंगारातली रोजी

रिकामी तेलाची बाटली, फुटकी बादली, मुलांचे मोडके खेळणे आपण घराबाहेर टाकतो आणि विसरून जातो. वस्तू फेकू नये, दुरुस्त करावी, पुन्हा वापरावी आणि अगदीच निकामी झाली तर तिच्यापासून नवी घडवावी, याला आता ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ म्हणतात. आमच्या घरांना ही रीत जुनीच आहे. नानीची गोधडी जुन्या साड्यांची असायची आणि थोरल्याचा ईदचा कुर्ता पुढच्या ईदला धाकट्याच्या अंगावर दिसायचा. इसराफ नको, हे मुलांना वेगळे शिकवावे लागत नसे.

पण घराबाहेर गेलेली वस्तू कोणाच्या हातात पडते, हे आम्ही क्वचितच विचारतो.

मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये ते पाहायला मिळते. इथे प्लास्टिक आधी प्रकार आणि रंग पाहून निवडतात. मग यंत्रात तुकडे करून ते धुतात, पत्र्याच्या छपरांवर वाळवतात, वितळवून त्याच्या तारा काढतात आणि त्या कापून दाणा बनवतात. या दाण्यापासून पुन्हा नव्या वस्तू होतात. गावाकडून आलेले कितीतरी मजूर इथे राबतात. त्यांत आपल्या समाजाचेही पुष्कळ आहेत. अनेकजण काम करतात त्याच गाळ्यात झोपतात आणि घरी पैसे पाठवतात. ज्याच्याकडे शिक्षण नाही, भांडवल नाही, त्यालाही इथे रोजी मिळते. मात्र वितळत्या प्लास्टिकचा धूर त्याच्याच छातीत जातो आणि काचेने हातही त्याचाच कापतो. आजारी पडला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. आता पुनर्विकासात हे गाळे राहतील का, ही काळजी वेगळीच.

हेच काम इज्जतीने होऊ शकते, हे पुण्याने दाखवले. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांना पूर्वी चोर समजून हटकले जाई. संघटनेमुळे त्यांना ओळखपत्रे मिळाली. पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. उकिरडा उपसणारी बाई दारात येऊन हक्काने कचरा मागू लागली.

यात आपला वाटा काय? ओला आणि सुका कचरा वेगळा द्यायचा. नियमांनी तो तसा देणे बंधनकारकही केले आहे. फुटकी काच, ब्लेड, वापरलेले पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे ठेवायचे. दावतीनंतर बिर्याणीचे खरकटे आणि हाडे प्लास्टिकच्या ताटांसकट एकाच पिशवीत कोंबली, की त्या ताटांना फारसा भाव उरत नाही आणि निवडणाऱ्याला त्या घाणीत हात घालावा लागतो. पाच मिनिटांचे आपले काम त्याचे बरेच कष्ट वाचवते.

आणखी एक गोष्ट. मुलगा कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे, पण भंगाराचा धंदा करतो म्हणून स्थळ नाकारल्याचे आम्ही ऐकतो. आपण टाकलेल्या वस्तूतून जो हलाल कमाई करून घर चालवतो, त्याच्या कामाची लाज आपल्याला का वाटावी? दारात आलेल्या भंगारवाल्याला ‘ए’ऐवजी ‘चाचा’ म्हणून हाक मारू या. मुले ऐकत असतात.