एका सेटिंगवर सहा लाख नग

भोसरीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये विचारा, सुटा जॉब महाग का पडतो? उत्तर ठरलेलं: सेटिंगमुळे. म्हणून एकदा सेटिंग लागलं की सगळा लॉट त्यावरच काढायचा. शास्त्रज्ञांची आकडेमोड करणारी पायथन भाषेतली ‘नमपाय’ ही लायब्ररी याच हिशेबावर उभी आहे.

समजा, चाकणमधल्या एखाद्या मशीनचं बेअरिंग आवाज करतंय. स्पिंडलवर कंपन मोजणारा सेन्सर बसवला. सेकंदाला १०,००० नोंदी धरल्या, तर मिनिटात ६ लाख आकडे जमले. पायथनच्या साध्या यादीत प्रत्येक दशांश आकडा सुटा ठेवलेला असतो. त्याला पत्त्यासकट ३२ बाइट लागतात. बेरीज करताना दरवेळी ‘हा कोणत्या जातीचा?’ हेही तपासावं लागतं. म्हणजे दर नगाला नवं सेटिंग! नमपाय एकाच जातीचे आकडे शेजारीशेजारी रांगेत मांडते, प्रत्येकी ८ बाइटांत. जात एकदाच पाहिली जाते. पुढचं काम सी भाषेतला वेगवान कोड करतो. मग फूरिये रूपांतराची एक ओळ लिहिली, की मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या स्पिंडलचा २५ हर्ट्झचा सूर वेगळा दिसतो आणि बेअरिंगची कुरकुर वेगळी.

१९९५मध्ये जिम ह्यूगनिन आणि सहकाऱ्यांनी नमपायची पूर्वज ‘न्यूमरिक’ लिहिली. हबल दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेने मोठ्या प्रतिमांसाठी ‘नमअरे’ काढली आणि वापरणाऱ्यांचे दोन तट पडले. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी ते सांधले. २००६मध्ये नमपायची १.० आवृत्ती आली. २०१९मध्ये जगाने पाहिलेल्या कृष्णविवराच्या चित्रामागेही नमपाय होती.

चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगाव गाठलं, की जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५, आणि प्रत्येक जोडीमागे आकड्यांची अखंड रांग. अशा रांगांवर एकेक आकडा हाताळत बसणं परवडत नाही.

नमपायची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी. १६ बिटांच्या पूर्णांकांच्या रांगेत ३२,७६७मध्ये १ मिळवला, तर उत्तर येतं उणे ३२,७६८, आणि तेही कुठलीही तक्रार न करता. कारखान्यात पहिला नग तपासल्याशिवाय लॉट सोडत नाहीत. इथेही रांग सोडण्याआधी आकड्यांची जात तपासा.