मोजलेली शौचालयं, न मोजलेले खड्डे

ग्रामीण स्वच्छतेचा केंद्रीय कार्यक्रम १९८६चा, संपूर्ण स्वच्छता अभियान १९९९चं, निर्मल भारत २०१२चं, स्वच्छ भारत २०१४चं. पाट्या बदलल्या, यशाचं मुख्य माप मात्र बांधलेल्या शौचालयांची संख्या हेच राहिलं. या मापाने आधी एकदा तोंडघशी पाडलं होतं. निर्मल ग्राम पुरस्कारांचे सोहळे चालू असतानाच २०११ची जनगणना आली आणि ग्रामीण भागात जेमतेम ३१ टक्के घरांत शौचालय निघालं. महाराष्ट्राच्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाची तऱ्हा निराळी होती. तिथे बक्षीस गावाच्या एकूण स्वच्छतेला होतं, त्यामुळे गटारापासून उकिरड्यापर्यंत सगळंच तपासलं जाई. अर्थात, तपासणी पथक गेल्यावर झाडू कोपऱ्यात, हेही अनेक गावांत घडलं.

स्वच्छ भारतने पाच वर्षांत दहा कोटींहून अधिक शौचालयं उभी केली, ती काय कागदावरच, असं कुणी विचारेल. नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार उघड्यावर जाणारी घरं २०१५-१६मध्ये ३९ टक्के होती, २०१९-२१मध्ये १९ टक्के. ही घट मोठी आहे. पण २ ऑक्टोबर २०१९ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला, त्याच सुमाराच्या या पाहणीत देशातलं जवळपास पाचातलं एक घर उघड्यावर जाणारं निघालं, हेही खरं.

माझा मुख्य आक्षेप जमिनीखालचा आहे. सरकारने सुचवलेली रचना साधी: दोन शोषखड्डे, एकाचं तोंड विटेने बंद. पहिला काही वर्षांनी भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा. वर्ष-दोन वर्षांत पहिल्यातल्याचं खत होतं, ते कुणीही उपसावं. लोकांना हे खड्डे लहान वाटले. डायान कॉफी आणि डीन स्पिअर्स यांनी उत्तर भारतातल्या अभ्यासातून याचं मूळ जातीच्या विटाळात दाखवलं: मैला उपसणं ‘त्यांचं’ काम, म्हणून खड्डा असा हवा की आपल्या हयातीत भरूच नये. मग स्वच्छ भारतच्या १२ हजारांच्या अनुदानात पदरचे पैसे घालून एकच मोठा खड्डा किंवा टाकी. ती भरली की मैला उपसणारा टँकर, तो नाही मिळाला तर माणूस. आणि हाताने मैला उपसायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्यानंतरही टाक्यांमध्ये माणसं गुदमरून मरतच राहिली. आधी संख्या गाठू, विल्हेवाट नंतर पाहू, हा युक्तिवाद इथे टिकत नाही, कारण खड्डा एक की दोन हे खणण्याच्या दिवशीच ठरतं. स्वच्छ भारतच्या २०२०च्या दुसऱ्या टप्प्यात मैलागाळ व्यवस्थापन आलं, एका खड्ड्याचे दोन करण्याचं कामही आलं. तोवर पहिल्या टप्प्यातले खड्डे भरायला लागून कितीतरी दिवस झाले होते.