स्कॅन नॉर्मल, तरी डोकं दुखतंय

शिरूर आणि दौंड तालुक्यांत यात्रांचा हंगाम आला की गावोगावी कुस्त्यांचे हगामे, कबड्डीचे सामने आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. चढाईला गेलेला पोरगा साखळी पकडीत सापडतो आणि कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसतो. डोळ्यांपुढे अंधारी येते. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी "काय नाय झालं, ऊठ" म्हणतं, आणि तो पुन्हा उभा राहतो. महिना उलटल्यावरही त्याला फळ्याकडे नीट बघवत नाही, तेव्हा घरात म्हणतात, अभ्यास नको म्हणून सोंग करतोय. हा लेख त्या पोरासाठी आहे, आणि त्याहून जास्त त्याच्या घरच्यांसाठी.

मार बाहेर दिसत नाही

डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. डोक्याला किंवा अंगालाही जोराचा हिसका बसला की कवटीच्या आत मेंदू हलतो आणि मेंदूच्या पेशींचं काम काही काळ विस्कळीत होतं. त्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असं नाही. बहुतेकांची हरपत नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं दिसतं, हा बिघाड दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे जिवावरचा धोका दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पोरगा खोटं बोलतोय असा अर्थ त्यातून काढू नये.

मोठी माणसं साधारण दोन आठवड्यांत बरी होतात, मुलांना चार आठवडेही लागतात. त्यापुढे त्रास राहिला तर तो लांबलेला समजतात. आधी कधी असा मार बसलेला असेल, अर्धशिशी असेल, किंवा पहिल्या दिवसांतच त्रास फार असेल, तर तो लांबण्याची शक्यता वाढते.

गहुंजेचा सामना

31 जानेवारी 2025. आपल्याच जिल्ह्यातल्या गहुंजेच्या मैदानावर भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामना. शेवटच्या षटकात जेमी ओव्हरटनचा चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. जागेवर तपासणी झाली आणि तो उरलेला चेंडू खेळलाही. डोकेदुखी जाणवली ती मैदानाबाहेर आल्यावर. मग त्याच्या जागी हर्षित राणा उतरला. अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज का, यावर बराच वाद झाला. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे: त्रास उशिरानेही सुरू होतो. म्हणून "आत्ता बरं वाटतंय" हे ऐकून कुणालाही परत खेळायला सोडू नये. आंतरराष्ट्रीय क्रिकेटने अशा बदली खेळाडूची सोय ऑगस्ट 2019 मध्ये केली. कबड्डीत तर राखीव खेळाडू बाकावर बसलेलेच असतात.

रोजच्या जगण्यात काय होतं

डोकेदुखी, चक्कर, मान आखडणं, उजेड आणि आवाज सहन न होणं, झोप बिघडणं, विसरणं, आणि उगाच चिडणं. गाळपाच्या हंगामात रात्रभर गाणी लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर इतरांना नुसते त्रासदायक वाटतात. या पोराचं डोकं त्यांनी फुटायला येतं. एसटीत उभ्याने प्रवास केला की गरगरतं. वाचताना ओळ सुटते. सगळ्यात वाईट असतं ते एकटं पडणं. भरतीची तयारी करणारी मुलं तर त्रास लपवतात, नाव निघून जाईल या भीतीने. या भागात पोलीस भरतीवर किती घरांच्या आशा लागलेल्या असतात, हे माहीत असल्यामुळे त्यांना दोष देववत नाही. पण लपवल्याने दुखणं लांबतं.

किती आराम, किती हालचाल

अंधाऱ्या खोलीत महिनाभर झोपवून ठेवायचा सल्ला आता जुना झाला. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमीत कमी, आणि मग हळूहळू चालणं. त्रास किंचित वाढला तर चालतं. बराच वाढला तर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी थोडं कमी करायचं. भरतीच्या 1600 मीटरची घाई नको. आधी रमतगमत चालणं, मग झपझप, मग हलकं धावणं. त्रास वाढणार नाही इतपत केलेला असा व्यायाम हाच लांबलेल्या दुखण्यावर उपचार ठरतो. चक्कर आणि मानदुखीसाठी फिजिओथेरपीचे खास व्यायाम असतात, त्यांचा चांगला उपयोग होतो.

शाळा आधी, खेळ नंतर. सुरुवातीला अर्धा दिवस, मधे विश्रांती, परीक्षेला जादा वेळ. एवढं वर्गशिक्षकांशी बोलून ठरवता येतं. पूर्ण झटापटीचा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. आधीचा मार भरला नसताना दुसरा बसला तर क्वचित मेंदूला सूज येऊन जीवही जातो.

डोकेदुखीची गोळी रोज घेऊ नये. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस गोळ्या चालू राहिल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. उदासी दाटली, जगणं नकोसं वाटलं, तर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

केव्हा धावपळ करायची

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायाला लुळेपणा, बोलण्यात अडखळणं, जागं करूनही न उठणं, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.

वस्ताद आणि यात्रा कमिट्यांना

तालमीत आणि मैदानावर घरच्यांपेक्षा वस्तादांचा शब्द जास्त चालतो. म्हणून विनंती त्यांनाच. यंदाच्या हगाम्याच्या, सामन्यांच्या पत्रिकेत बक्षिसांच्या आकड्यांखाली एक ओळ छापा: डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही. आणि माइकवरूनही ती वाचून दाखवा.