गाडीच्या रंगावर जाळे का पडते?

आजकाल किराणा, कापड, फर्निचर अशा लहान दुकानदारांकडेही एखादी चारचाकी असते. मालाची ने-आण तीच करते, घरच्यांना लग्नकार्याला तीच नेते. बहुतेकांनी ती जुनी म्हणून घेतलेली असते आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा विकायचीही असते. तेव्हा तिच्याकडे दुकानातल्या मालाच्या नजरेनेच पाहिले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आमची काळी गाडी विकायला काढली. इंजिन ठीक, कागदपत्रे पूर्ण, अपघात एकही नाही. घेणारा मुद्दाम भर दुपारी आला. त्याने गाडी उन्हात उभी करायला लावली, बॉनेटवर तिरपी नजर टाकली आणि म्हणाला, "भाई, रंगावर तर जाळं पडलंय." भाव तिथेच खाली आला. आम्हाला राग आला, कारण दुकान उघडण्यापूर्वी गाडी पुसण्याचा आमचा नेम कधी चुकला नव्हता. पुढे एका पेंटर मित्राने समजावले की ते जाळे त्या रोजच्या पुसण्यानेच पडले होते.

हे कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. आजच्या गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक वार्निशसारखा क्लिअर कोट असतो. कंपनीतून येणारे हे सारे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग किंवा थोडे जास्त. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केसही साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि वाळू काचेलाही ओरखडा काढते. कोरडे फडके गाडीवर फिरवले की हे कण त्याखाली सापडून रंगावर घासले जातात. प्रत्येक ओरखडा केसाहून बारीक, पण असे हजारो झाले की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. काळ्या आणि गडद रंगावर ते लगेच उठून दिसतात, पांढऱ्यावर लपतात एवढेच.

म्हणून पहिली गोष्ट ही की कोरडी गाडी पुसू नये. धूळ बसली असेल तर बसू द्यावी. दुकानाच्या पोऱ्यालाही हे सांगून ठेवावे, कारण मालक बघत नसताना तोच हातात सापडेल ते फडके मारतो.

धुवायची ती सावलीत आणि बॉनेट हाताला गार लागल्यावर. तापलेल्या पत्र्यावर साबण लगेच सुकतो आणि डाग धरतो. आधी हात न लावता टपापासून खालपर्यंत भरपूर पाणी सोडावे, दोन-चार मिनिटे मळ भिजू द्यावा आणि पुन्हा पाणी सोडावे. सुटणारी वाळू या वेळीच वाहून गेली पाहिजे. आमच्या मते निम्मे काम इथेच होते आणि नेमका इथेच लोक आळस करतात. नळीची सोय नसेल किंवा पाण्याची टंचाई असेल, तर हाताने दाब भरायचा लहान फवारणी पंप चालतो. मात्र तो नवा असावा. शेतात औषध मारलेला पंप आणू नये.

मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीचा शॅम्पू, बाटलीवर लिहिलेल्या मापाने. दुसरीत नुसते पाणी. कापड शाम्पूत बुडवायचे, गाडीचा एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खंगाळायचे आणि पिळून पुन्हा शाम्पूत घालायचे. एकाच बादलीत सगळे केले तर निघालेली वाळू पुन्हा कापडावर चढते. आम्ही अनेक वर्षे एकाच बादलीत कपड्यांची पावडर टाकून गाडी धुतली. ती पावडर वॅक्सचा थर उतरवते आणि तिचे न विरघळलेले दाणे स्वतःच घासतात.

कापडाबद्दल शिंपीबंधूंना वेगळे सांगायला नको. जुन्या शर्टाची शिवण, काज, बटण, सगळेच रंगाला बोचते. सपाट स्पंजाखाली वाळूला जायला जागा नसते, ती पत्र्यावरच फिरते. लांब रेशांचा मायक्रोफायबरचा हातमोजा घ्यावा, वाळूचे कण त्याच्या रेशांत शिरतात. हात हलका ठेवून सरळ रेषेत फिरवावा. टप, काचा, बॉनेट, मग दारे आणि सर्वांत शेवटी दारांचा खालचा भाग. चाकांचे कापड व बादली निराळी ठेवावी, कारण तिथे ब्रेकची लोखंडी भुकटी असते.

या भुकटीवरून आठवले. ज्यांचे वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचे काम आहे त्यांनी गाडी कारखान्याच्या तोंडाशी उभी करू नये. ग्राइंडरची उडालेली तापलेली ठिणगी रंगात रुतते आणि पुढे तिथे गंजाचा ठिपका उमटतो. तो साबणाने जात नाही, घासले तर भोवतालचा रंग मात्र जातो. पक्ष्यांच्या विष्ठेचेही तसेच. ती आम्लयुक्त असते, उन्हात रंग खाते. ओले फडके काही मिनिटे वर ठेवून ती मऊ करावी आणि अलगद उचलावी, नखाने खरवडू नये.

धुऊन झाल्यावर गाडी आपोआप वाळू देऊ नये. बोअरच्या जड पाण्यातील क्षार थेंबांच्या जागी पांढरे डाग ठेवून जातात. मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल ओल्या पत्र्यावर पसरून पाणी टिपून घ्यावे.

जाळे आधीच पडले असेल तर पॉलिशवाला ते घालवतो, पण तो क्लिअर कोटच थोडा घासून खाली आणतो. दर दिवाळी-ईदला मशीन फिरवणे म्हणून परवडत नाही. आम्ही एकदाच करून घेतले आणि वर वॅक्स लावले. ओरखड्यात नख अडकत असेल तर पॉलिशने तो सहसा जात नाही, रंगाचेच काम निघते. जुन्या गाडीवर पॉलिशच्या कापडाला गाडीचा रंग लागू लागला, तर तिच्यावर एक तर क्लिअर कोट नाही किंवा तो संपला आहे असे समजून थांबावे.

कापडे गाडी धुतल्यावर लगेच वेगळी धुवावीत, घरच्या कपड्यांत टाकू नयेत, कपडे मऊ करण्याचे द्रव्य वापरू नये. आणि धुताना कापड जमिनीवर पडले, तर त्या दिवशी ते पुन्हा गाडीला लावू नये. आमच्याकडे असे पडलेले कापड थेट चाकांच्या बादलीत जाते.