प्राणवायू घेऊन विमानाने बेंगळूरूला

सांबऱ्याची धावपट्टी बेळगावकरांना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आहे ती. पण बरीच वर्षे विमान म्हणजे हवाई दलाची शिकाऊ पोरे, मंत्री आणि कारखानदार एवढेच आपले समीकरण होते. आता मुले बेंगळूरूला, लेकी हैदराबादला, नातवंडे पुण्यात. साहजिकच सत्तरी ओलांडलेली माणसेही विमानात बसू लागली आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांची आयुधेही! कुणाची चाकाची खुर्ची, कुणाचा वॉकर, कुणाचे झोपेत श्वास देणारे सीपॅप यंत्र, कुणाचे इन्सुलिन. 'हे विमानात चालते का हो?' हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्येही हल्ली महिन्यातून एकदा तरी निघतो, आणि प्रत्येकजण आपल्या मेव्हण्याच्या अनुभवावरून ठाम उत्तर देतो.

आमच्या घरी हा प्रश्न गेल्या वर्षी लग्नाच्या पत्रिकेबरोबर आला. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, वय ७४, निवृत्त गणित शिक्षक. माहेरी माझ्या मराठी आणि सासरी कन्नड, त्यामुळे घरात दोन्ही भाषा एकाच ताटात असतात. मामांच्या फुफ्फुसांनी दोन वर्षांपासून असहकार पुकारला आहे. दिवसातले पंधरा-सोळा तास नाकात नळी आणि कोपऱ्यात घुरघुरणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. नणंदेच्या मुलीचे लग्न ठरले बेंगळूरूला. चेन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर जायचे तर घरचे पंधरा किलोचे यंत्र न्यायचे कसे, आणि ते तीनशेहून अधिक वॉट वीज खाते, गाडीतल्या मोबाइलच्या प्लगवर ते चालवायचे कसे? 'फोनवर बघा की लग्न,' असे भाऊबंद म्हणू लागले. त्यावर मामा एवढेच म्हणाले, "गाळी सालंगिल्ल अंत मदुवीनू बिडबेकेनु?" हवा पुरत नाही म्हणून लग्नही सोडायचे का? या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हते. मग मी चौकशीला लागले.

पहिली गोष्ट कळली ती उंचीची. विमान वीस-पस्तीस हजार फुटांवर उडते हे आपल्याला माहीत असते. पण आत बसलेल्या माणसाला कितीची हवा मिळते हे सहसा ठाऊक नसते. आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका राखतात. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, बेंगळूरू तीन हजारांवर. उटी सात हजारांच्या वर. म्हणजे विमानात बसणे हे खुर्चीत बसल्या-बसल्या उटीला जाऊन येण्यासारखे आहे! धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण आठ हजार फुटांवरचा श्वास म्हणजे समुद्रकाठी २१ टक्क्यांऐवजी १५ टक्के प्राणवायूच्या हवेत घेतलेला श्वास. ज्याची फुफ्फुसे आधीच काठावर आहेत, त्याला हा फरक जाणवतो. मोठ्या रुग्णालयांत अशा रुग्णाला वीस मिनिटे १५ टक्के प्राणवायूची हवा देऊन चाचणीही घेतात. आमच्या डॉक्टरांनी मामांना दवाखान्याच्या व्हरांड्यात चालवले, बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिला आणि लिहून दिले: जमिनीवर दोन, विमानात तीन.

हे दोन-तीन म्हणजे छोट्या यंत्राचे आकडे. घरचा सिलिंडर विमानात नेऊ देत नाहीत. चालतो तो फक्त बॅटरीवरचा, खांद्याला अडकवायचा कॉन्सन्ट्रेटर; तोही विमानासाठी मान्य असलेला. दोन-अडीच किलोचे हे यंत्र हवेतूनच प्राणवायू वेगळा करते आणि प्रत्येक श्वासागणिक एक झोत देते. कोविडनंतर मोठ्या शहरांत ही यंत्रे भाड्यानेही मिळू लागली. आम्ही तसेच मागवले. यंत्राच्या बॅटऱ्या प्रवासाच्या वेळेच्या दीडपट चालतील इतक्या हव्यात, अशी कंपन्यांची साधारण अट असते. कारण उघड आहे. विमान उशिरा सुटते, आकाशात घिरट्या घालते. आणि डोक्यावरून पडणाऱ्या त्या पिवळ्या मास्कच्या भरवशावर कुणी राहू नये. त्याची हवा दहा-पंधरा मिनिटांची, विमान खाली उतरेपर्यंतची. आपल्याकडे येणाऱ्या छोट्या एटीआर विमानांत तर ते मास्क सहसा नसतातच, कारण ती विमाने २५ हजार फुटांच्या वर जात नाहीत.

प्राणवायू लागतो म्हटल्यावर विमान कंपनी एक वैद्यकीय फॉर्म मागते. तो डॉक्टरांनी भरायचा, त्यावर यंत्राचे नाव, सेटिंग, बॅटऱ्यांची संख्या. इथे एक भेद वाचकांनी नीट लक्षात ठेवावा, कारण खिडकीवरच्या मुलामुलींनाही तो नेहमी ठाऊक असतो असे नाही. आजार वेगळा आणि अपंगत्व वेगळे. प्राणवायू, स्ट्रेचर किंवा संसर्गजन्य रोग असेल तर वैद्यकीय दाखला मागता येतो. पण ज्याला फक्त चालता येत नाही, ज्याला मदतीची खुर्ची तेवढी हवी, त्याच्याकडे दाखला मागायचा नाही, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियमच सांगतो. मदत हवी असल्याचे ४८ तास आधी कळवावे, एवढीच अपेक्षा.

हा नियम कागदावरून जमिनीवर यायला माणसांना भांडावे लागले आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्याच्या जीजा घोष गोव्यातल्या एका परिषदेला निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. आसनावर बसलेल्या असताना त्यांना विमानातून खाली उतरवले. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. तरी मे २०२२ मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात घेतले नाही. त्या कंपनीला पाच लाख रुपये दंड झाला, आणि जुलै २०२२ मध्ये नियमात भर पडली. आता प्रवाशाची प्रकृती वाटेत बिघडेल असे कंपनीला वाटले, तर विमानतळावरच्या डॉक्टरने तपासल्याखेरीज परस्पर नकार देता येत नाही. दंडापेक्षा हा बदल मला मोलाचा वाटतो. अंदाज आणि तपासणी यांतला फरक आमच्या परीक्षक मंडळींनाही कळायला वेळ लागतो!

तिकीट काढताना फोनवरच्या मुलीने विचारले, "ते जिना चढू शकतात का?" घरच्या चार पायऱ्या मामा चढतात, मन 'हो' म्हणायला धजते. पण मदतीच्या खुर्चीचे तीन प्रकार असतात. 'आर' म्हणजे लांब चालवत नाही, पण जिना चढेल. 'एस' म्हणजे जिना जमणार नाही, आत आसनापर्यंत चालेल. 'सी' म्हणजे आसनापर्यंत उचलून न्यावे लागेल. सांबऱ्याला विमान मोकळ्या पटांगणात उभे असते. तिथे 'आर' लिहिले की खुर्ची जिन्याच्या पायथ्याशी थांबणार, आणि पुढे मामा, त्यांची धाप आणि मागे रांगेत ताटकळलेली माणसे. आम्ही 'एस' लिहून घेतले. अत्तींचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची, तीही वेगळी नोंदवून. दोघांत एक चालेल असे कुणी सुचवले तर ऐकू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर पत्नीला खुर्ची मिळाली आणि आपल्या खुर्चीसाठी न थांबता ८० वर्षांचे एक गृहस्थ तिच्यामागे चालत निघाले. ते वाटेतच कोसळले, वाचले नाहीत. त्या कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. रांग चुकवण्यासाठी ठणठणीत माणसेही खुर्ची मागतात, हे मी स्वतः पाहिले आहे. अशांमुळे खऱ्या गरजूला थांबावे लागते, हे स्पष्टच बोलायला हवे.

जायच्या दिवशी रॅम्प लागला. खुर्ची ढकलणारा पोरगा गोकाककडचा होता. मामांचा घट्ट धरलेला हात पाहून म्हणाला, "अज्जार, अंजब्याड्री. मेल्लक होगोणु." त्या दोन वाक्यांनी जे काम झाले ते माझ्या फाईलमधल्या सगळ्या कागदांनी झाले नसते. वर गेल्यावर ऑक्सिमीटर ९३ वरून ९० वर आला. मामांनीच बटण दोनवरून तीनवर नेले आणि खिडकीतून खाली बघत बसले. यंत्र पुढच्या आसनाखाली, नळी आमच्या दोघांच्या मधून. यंत्र घेतलेल्या माणसाला आपत्कालीन दाराजवळची जागा देत नाहीत, ते ध्यानात ठेवून जागा आधीच निवडलेली बरी. परतताना मात्र खिडकीवरच्या तरुणाने 'सिलिंडर नाही चालत' म्हणून अडवले. तो सिलिंडर नव्हे हे फॉर्म आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्यावर पटले; त्यात वीस मिनिटे गेली. फॉर्मच्या तीन प्रती जवळ ठेवाव्यात, आणि मोबाइलमध्ये नव्हे, कागदावर.

बॅटरीचे गणित मला खरे समजावले ते माझ्या एका माजी विद्यार्थ्याने. मणक्याच्या दुखापतीनंतर तो बॅटरीच्या खुर्चीवर असतो आणि बेंगळूरूत नोकरी करतो. लिथियमची बॅटरी बिघडली तर आतून तापत जाते आणि पेट घेते. सामानाच्या कप्प्यात ती पेटली तर कुणी पोहोचू शकत नाही. माणसांच्या कप्प्यात पाणी ओतायला हात असतात. म्हणून सुट्या लिथियम बॅटऱ्या नेहमी हातातल्या पिशवीत, टोकांना चिकटपट्टी लावून. किती मोठी चालते ते वॉट-तासांवर ठरते. बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की झाले. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत कंपनीला विचारावे लागते. घडीच्या खुर्चीची काढता येणारी बॅटरी ३०० पर्यंत चालते, आणि ती काढून बरोबर न्यायची असते. त्याच्या खुर्चीची २४ व्होल्ट, १२ अँपिअर-तास, म्हणजे २८८. दुकानदार त्याला २० अँपिअर-तासांची 'जास्त पळणारी' बॅटरी देत होता. ४८० वॉट-तास! ती घेतली असती तर विमान विसरावे लागले असते. खुर्ची घेण्याआधी हा गुणाकार करावा. जड खुर्च्यांत पक्की बसवलेली, न सांडणारी जेलची बॅटरी असेल तर ती खुर्चीतच ठेवून नेता येते, पण छोट्या विमानाच्या सामानाच्या दारातून ती खुर्ची आत जाते का, ते आधी विचारायचे. लांबी, रुंदी, उंची, वजन, चारही आकडे कंपनीला द्यायचे.

हा मुलगा प्रवासाआधी खुर्चीची उशी आणि दांडीवरचे बटणयंत्र काढून हातात घेतो, चारही बाजूंनी फोटो काढतो आणि पाठीवर कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेला कागद चिकटवतो: इथे धरा, इथे धरू नका. त्याची ही काळजी अनाठायी नाही. अमेरिकेत कंपन्यांना मोडलेल्या-हरवलेल्या खुर्च्यांचा हिशेब द्यावा लागतो. २०२३ या एका वर्षात तो आकडा ११ हजारांच्या वर होता. आपल्याकडे सुटकेसचे चाक मोडले तर माणूस हळहळतो. इथे मोडतात ते माणसाचे पाय.

बाकीच्या वस्तूंचे सांगायचे तर इन्सुलिन कधीही सामानात टाकू नये; तिथे गोठले तर ते निकामी होते. सीपॅप हातातच न्यावे, त्यातले पाणी ओतून टाकावे, तपासणीला यंत्र पिशवीबाहेर काढावे. पेसमेकर असेल तर कार्ड दाखवून हाताने तपासायला सांगावे. हातातला तपासदांडा छातीवर धरू देऊ नये. कृत्रिम पायाचा प्रश्न अजून नाजूक आहे. नृत्यांगना सुधा चंद्रन यांना दर वेळी पाय काढायला लावतात म्हणून त्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर तक्रार केली आणि सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. अशा वेळी पडद्याआडच्या स्वतंत्र खोलीत तपासणी मागायला संकोच करू नये.

लग्नात मामा अक्षता पडेपर्यंत बसले, नंतर खोलीत यंत्र चार्जिंगला लावून झोपले. आता मोठ्या दिरांनी दिल्लीला बोलावले आहे. मामांनी लाइटबिलाच्या पाठीमागे हिशेब मांडून ठेवला आहे: बेंगळूरूपर्यंत सव्वा तास, तिथे दोन तास थांबणे, पण तिथे प्लग मिळतो, पुढे पावणेतीन तास, त्याची दीडपट चार तास सात मिनिटे. तीनच्या सेटिंगवर आमची एक बॅटरी अडीच तास टिकते. म्हणजे दिल्लीच्या विमानात दोन भरलेल्या हव्यात आणि घरापासून बेंगळूरूपर्यंत तिसरी. यंत्रवाल्याला फोन केला, तर तो म्हणतो, दिवाळीच्या आठवड्यात मागणी फार असते, आठ दिवस आधी पक्के कळवा.